कैलास जपानला न्हाऊन आला

जपानहून परत आल्यावर कैलास येईल त्याच्यापुढे कमरेत वाकायला लागला. किराणा दुकानदारापुढे वाकला, पीएमपीच्या कंडक्टरपुढे वाकला, एकदा तर रस्त्यात आडव्या आलेल्या म्हशीपुढेसुद्धा वाकला. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, विमानात बसून बसून पाठ धरली असेल बिचाऱ्याची. दुसऱ्या दिवशी कळलं की ही जपानी पद्धत आहे. तिसऱ्या दिवसापासून गावातली सगळी पोरं त्याच्यासमोर वाकायला लागली आणि वाकल्या वाकल्या खीखी करायला लागली.

तसा कैलास हुशार. घोटावड्याजवळच्या एका कारखान्यात गिअरचे भाग बनतात, तिथे तो मशीन चालवायचा. मालक जपानी. तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला दोघांना पाठवायचं ठरलं, तेव्हा कैलासचं आणि पौडच्या साबीरचं नाव लागलं. साबीर म्हणजे हार्डवेअरवाल्या कमरुद्दीनचाचांचा मुलगा. कमी बोलणारा, आणि बोलला की खरंच बोलणारा. असल्या माणसाबरोबर परदेशात जाऊ नये हे कैलासला तेव्हा कुठे माहीत होतं!

आता कैलासचं एक दुखणं होतं. शाळेपासून गावात त्याला 'ढेकूळ' म्हणायचे. पाणी लागलं की विरघळतो, म्हणून ढेकूळ. कबड्डीत पकडला की रडायचा, सरांनी नाव घेतलं की तोतरा व्हायचा. हे नाव ठेवलं होतं साहिलनं. साहिल म्हणजे गावाचा डीजेवाला, साउंड सिस्टीमचा मालक. रोज संध्याकाळी पुलाच्या कठड्यावर पोरांचा अड्डा बसायचा आणि साहिल त्या दिवशी कुणाला सोलायचं ते ठरवायचा. बरेचदा कैलासच असायचा. तिशी उलटली, पगार वाढला, पोट सुटलं, तरी कठड्यावर बसला की कैलास ढेकूळच.

म्हणून जपान. जपानहून आलेल्या माणसाला कोण ढेकूळ म्हणणार?

पहिल्याच संध्याकाळी कैलासनं कठड्यावर बसून बुलेट ट्रेन सांगितली. मग बर्फ सांगितला. मग रस्त्यावरची मशीन, ज्यातून गरम कॉफीचा डबा बाहेर पडतो, ती सांगितली. साहिलनं मोठी जांभई दिली.

"ते ऱ्हाऊ दे रं सगळं. बुलेट ट्रेन मोबाईलवर पण दिसती. तिकडं म्हणं न्हाणीघरं असत्यात. बायका आंघोळ घालत्यात गिऱ्हाइकाला. तितं गेलतास का न्हाई, ते सांग."

"आन् आंघोळीपुढचं पण सांग," कुणीतरी मागून म्हणालं.

कैलासनं 'न्हाई' म्हणायला तोंड उघडलं. पण समोर दहा-बारा चेहरे होते, आणि साहिलच्या ओठाच्या कोपऱ्यात 'ढे' येऊन बसलेला त्याला स्पष्ट दिसत होता. त्याच्या तोंडातून बाहेर पडलं, "गेलतो की!"

काय सांगावं! सगळे असे सरकून जवळ आले, की कैलासला आयुष्यात कुणी इतकं जवळ घेतलं नव्हतं. मग त्याला थांबवेना. आधी म्हणे एका छोट्याशा स्टुलावर बसवतात. मग लाकडी बादलीनं पाणी ओततात. साबणाचा फेस करतात, पाठ घासतात, आणि मग गरम पाण्याच्या हौदात सोडतात. हे सगळं खरं होतं, फक्त जागा दुसरी होती. कारखान्याच्या हॉस्टेलजवळ गावचं साधं सार्वजनिक न्हाणीघर होतं. पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं, म्हातारीकोतारी येऊन शेकत बसणारी. तिथे पहिल्या दिवशी कैलास अंगाला साबण तसाच ठेवून हौदात उतरला होता. डोक्यावर टॉवेलची घडी ठेवलेला एक म्हातारा किंचाळत आला, त्याला दंडाला धरून बाहेर काढलं, स्टुलावर बसवलं आणि बादली बादली पाणी ओतून त्याची पाठ स्वच्छ केली. त्या म्हाताऱ्याला कैलासनं कठड्यावर एका झटक्यात बाई करून टाकलं.

"आयला, ढेकूळ!" साहिल म्हणाला, पण यावेळी त्या शब्दात मान होता. "तू तर विरघळून आलास की!"

आता खरं काय घडलं होतं तेही सांगायला हवं. कैलास तसल्या न्हाणीघराच्या वाटेला गेलाच नव्हता असं नाही. एका रविवारी शहरात गेला होता, साबीरला घेऊन. त्या गल्लीत दारोदार काळ्या सुटातली माणसं उभी होती आणि पाट्यांवर दिवे लुकलुकत होते. साबीर म्हणाला, "मी न्हाई येत. तुला जायचं तर जा. मी हितं उभा ऱ्हातो." आणि तो समोरच्या मशीनमधून कॉफीचा डबा घेऊन पीत उभा राहिला.

पहिल्या दारावरच्या माणसानं कैलासला पाहिलं आणि दोन्ही हात छातीपुढे फुलीसारखे आडवे धरले. नाही. कैलास दुसऱ्या दारावर गेला. तिथल्यानं नुसते पंजे हलवले, जसे आपण अंगणातून कोंबड्या हाकलतो तसे. कैलासनं विचार केला, हे आपल्याला फिरस्ता समजतायत. हिंजवडी म्हणा, पिरंगुट म्हणा, आपल्याकडे गळ्यात कंपनीचं कार्ड असलं की कुठलंही गेट उघडतं. वॉचमन उठून उभा राहतो! म्हणून तिसऱ्या दारावर त्यानं शर्टाच्या आतून कार्ड काढलं आणि त्या माणसाच्या नाकासमोर धरलं. फोटो, नाव, एम्प्लॉयी नंबर, सगळं. तो माणूस कार्डाकडे बघून इतका खाली वाकला की त्याचं टक्कल दिसलं. मग त्यानं मोबाईलवर काहीतरी लिहून पुढे धरलं. मराठीत नव्हतं, इंग्रजीत होतं, पण कैलासला कळलं. इथे फक्त जपानी गिऱ्हाईक. क्षमस्व.

कैलास पण परत वाकला. वाकायची सवय त्याला तिथेच लागली.

बाकी, आपण किती ठिकाणी मान खाली घातली हे माणूस विसरूनच जातो. कैलासच्या आठवणीत नंतर एकच दार उरलं. आणि पुलाच्या कठड्यावर तर तेही उघडलं.

पण गोष्ट आहे ती शीतलची.

शीतल नेऱ्याची. हिंजवडीतल्या एका खाजगी दवाखान्यात रक्त घ्यायच्या कामाला होती. दिवसाला पन्नास माणसांना सुई टोचायची आणि एकालाही रडू द्यायची नाही, अशी. तिला बघायला कैलास गेला तेव्हा चहाचे कप हातात आले. काय बोलावं सुचेना, म्हणून त्यानं त्या साध्या न्हाणीघराची खरी गोष्ट सांगितली. साबणासकट हौदात उतरलो, म्हाताऱ्यानं बखोट धरून बाहेर काढलं, सगळे नागडे बाप्ये टाळ्या पिटायला लागले. शीतल इतकी हसली की चहा तिच्या नाकात गेला. तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यासकट ती म्हणाली, "तुमी भारी हायेत राव!"

आजवर कैलासवर सगळे हसले होते. त्याच्याबरोबर हसणारी ही पहिली. घरी येताना गाडीवर तो एकटाच मोठमोठ्यानं गाणं म्हणत होता. ही पोरगी मिळाली नाही तर आपण मेलो, इतकं साधं गणित त्याच्या डोक्यात पक्कं झालं. होकार आला. पुढचे दोन महिने शीतल दवाखान्यात, मैत्रिणींत, मावशीकडे, सगळीकडे ती म्हाताऱ्याची गोष्ट सांगत सुटली. "आमचे हे असे भोळे!" असं म्हणायची ती शेवटी.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी कैलासच्या दारात हळद होती. दारात मांडव, मांडवात पाट, पाटावर कैलास, डोक्याला मुंडावळ्या, हातात लिंबू खोचलेली कट्यार. थोरल्या भावाची बायको शारदावहिनी आणि चार सवाष्णी आंब्याच्या पानांनी हळद लावत होत्या. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद वाटीत घालून नवरीकडे न्यायची, आणि ती पोहोचल्यावरच तिची हळद सुरू व्हायची. नेऱ्याला मांडवात सगळ्या बायका त्या वाटीचीच वाट बघत बसल्या होत्या. शीतलचा धाकटा भाऊ वेदांत मात्र हौसेनं इकडे नाचायला आला होता. स्पीकरच्या भिंतीपुढे त्याचा शर्ट भिजून चिंब झाला होता.

आणि स्पीकरच्या मागे होता साहिल. त्याच्या हातात माइक.

"हॅलो, हॅलो! पाव्हणे मंडळी, जरा इकडं लक्ष द्या!" गाणं बंद झालं. "आजचा नवरदेव साधासुधा न्हाई बरं का! ह्यो जपानात पैसे देऊन न्हाऊन आलाय! शारदावहिनी, तुमच्या हळदीनं काय व्हायचंय त्येचं? त्येला बायकांनी फेस करून घासायची सवय हाय!"

हशा असा उठला की मांडवाचं कापड हललं. दोन पोरं प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन धावत आली. तिसऱ्यानं बादलीत कपड्यांची पावडर घोळून फेस केला आणि कैलासच्या डोक्यावर ओतला. हळदीवरून फेस, फेसावरून पाणी. मुंडावळ्या नाकावर आल्या.

"गप ए साहिल!" शारदावहिनी ओरडली. "बाया-माणसं हायेत हितं! काय बोलावं, कुटं बोलावं!"

"मी कशाला बोलू? नवरदेवच सांगतील." साहिलनं माइक कैलासच्या तोंडाशी आणला. "सांगा नवरदेव. जपानात तसल्या न्हाणीत गेलता का न्हाई? स्टूल, लाकडाची बादली, हौद? का आमाला कठड्यावर थापा मारल्या? न्हाई म्हणा, म्हंजी आमी आमचं जुनं नाव परत सुरू करतो. माइकवरच करतो!"

सगळा मांडव त्याच्याकडे बघत होता. डोळ्यांत पावडर गेल्यानं कैलासला कुणाचेच चेहरे दिसत नव्हते. त्याला फक्त एवढंच ऐकू येत होतं की पोरं श्वास रोखून थांबलीत, आणि कुणीतरी हळूच 'ढे... ढे...' अशी सुरुवात केलीय.

"गेलतो की!" कैलास माइकवर म्हणाला. "एकदा न्हाई, लई येळा!"

शिट्ट्या! टाळ्या! साहिलनं गाणं लावलं, पोरांनी पाटासकट कैलासला उचललं. वर गेल्यावर त्यानं डोळे पुसले आणि त्याला खाली वेदांत दिसला. सगळे नाचत होते आणि वेदांत नाचत नव्हता. मग वेदांतनं खांबावर टांगलेलं हेल्मेट काढलं आणि तो चालू लागला.

शारदावहिनी उष्टी हळद घेऊन जीपनं नेऱ्याला गेली आणि भुर्रकन परत आली. वाटी जशीच्या तशी. वर झाकलेला रुमालसुद्धा कुणी उचलला नव्हता.

"घेतली न्हाई," वहिनी म्हणाली. डोळे लाल झाले होते तिचे. "मावशी मला दारातच म्हणाली, आमची पोर गावभर सांगत फिरली, आमचे भोळे, आमचे भोळे. स्टुलाची गोष्ट, बादलीची गोष्ट. आन् ती ह्या असल्या जागंची निघाली? आता कोण कुणाला हसणार, सांगा! भाऊजी, मी कुटं तोंड लपवू?"

म्हणजे बघा, शीतलला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. त्याच स्टुलावर, त्याच बादलीवर तिनं सगळ्या नात्याला हसवलं होतं. आता सगळं नातं तिला हसणार होतं.

कैलास तसाच उठला. हैबतराव, त्याचे वडील, आडवे आले. "अरं, हळद लागल्यावर येस वलांडायची न्हाई! उद्या लगीन हाय तुझं!"

"न्हाई वलांडली तर उद्या लगीनच न्हाई, दादा." आणि त्यानं हळदीला आलेल्या साबीरला हाक मारली. "साबीर, गाडी काढ. तुला सगळं ठाऊक हाय. तू सांगितलंस की ती मानल."

साबीरनं खिशातून किल्ली काढली. "मी जे झालं तेच सांगीन."

"तेच सांग की! तेच तर पायजे मला."

माणच्या रस्त्यानं ते निघाले. मागच्या सीटवर पिवळाधमक कैलास, कानात वाळलेला फेस, हातात कट्यार. हिंजवडीच्या बाजूला कंपन्या सुटायची वेळ. गाड्या मुंगीसारख्या सरकत होत्या आणि प्रत्येक काचेतून एक मोबाईल बाहेर येत होता. बसमधून एक पोरगा ओरडला, "भैया, शादी से भाग रहे हो क्या?" कैलासनं मान खाली घातली. पण मनात तो खूश होता. खरं सांगितलं की सुटलो. गेलोच नव्हतो, हे सांगितलं की संपलं.

नेऱ्याच्या मांडवात बायका गप्प बसल्या होत्या. शीतल पिवळ्या साडीत खुर्चीवर. तिच्या अंगाला हळदीचा ठिपकासुद्धा नव्हता. तिचे वडील दादासाहेब धोतराचा सोगा धरून येरझाऱ्या घालत होते. हॉल, जेवण, पाव्हणे, सगळं त्यांच्या कपाळावर दिसत होतं.

"तुझ्या तोंडून ऐकलं माझ्या पोरानं," दादासाहेब म्हणाले. "आता काय सांगायला आलास?"

"खोटं बोललो, मामा! देवाशप्पथ. पोरं हसली असती म्हणून बोललो. मी गेलोच न्हाई. विचारा साबीरला. तितं ह्योच व्हता माझ्यासंगं."

शीतलनं पहिल्यांदा वर पाहिलं. तिच्या तोंडावर काहीतरी हललं, आशा म्हणा हवं तर. "साबीरभाऊ? खरं का?"

"आत गेला न्हाई," साबीर म्हणाला. "हे खरं हाय."

"बघ!" दादासाहेबांनी मांडीवर थाप मारली. "बघ शीतल! गेलाच न्हाई. उगं पोरांची चेष्टा. आना गं ती वाटी, कुटं हाय वाटी?"

"थांबा आण्णा," शीतल म्हणाली. "आत गेला न्हाई म्हंजी? दारापातूर गेला व्हता?"

साबीर हातातलं हेल्मेट फिरवत राहिला. "भाईरच्या देशातल्या मानसाला घेत न्हाईत तितं. परत पाठवलं."

मांडवात कुणीतरी नाकातून हसलं. कैलासला कानापर्यंत गरम वाटलं. "एकच दार," तो घाईघाईनं म्हणाला. "एकदाच. आसंच, बघायला. काय हाय ते बघावं म्हणून."

शीतल साबीरकडेच बघत होती. रक्त घेताना शीर सापडेपर्यंत ती अशीच बघत असणार, हलू न देता.

"तीन," साबीर म्हणाला.

आता बायकांना आवरेना. एकीनं पदर तोंडात कोंबला, दुसरी तिच्या खांद्यावर पडली. मावशी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया! जपानात पण कुणी घेईना!" आणि मग सगळा मांडवच फुटला.

कैलासला हे सहन झालं नाही. हसू ऐकलं की त्याचं डोकं चालायचं बंदच व्हायचं. "हसताय काय? चांगलं कंपनीचं कार्ड दाखवलं मी! फोटोचं! आमी काय भिकारी हाय का? रोख पैसे व्हते खिशात! दुसरं कुणी आसतं तर भांडलं आसतं तितं. मी गप आलो!"

"राग आला तुमाला?" शीतलनं विचारलं. एकदम मऊ आवाजात.

त्याला वाटलं, हिला कळलं. हिला कीव आली. "येणारच की गं! एवढ्या लांबून गेल्यावर, कुणीबी यावं आन् हाकलावं?"

"लाज न्हाई वाटली. राग आला."

कैलासनं कट्यार या हातातून त्या हातात घेतली.

"तितं तीन दारं बंद निघाली," शीतल म्हणाली, "म्हणून हितं आलात. मी काय, चौथं दार का? कार्ड आणलंय का आज? दाखवा, बघू घेण्यासारखं हाय का."

बायका किंचाळून हसल्या. आणि शीतलही हसली. तसंच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, ठसका लागेपर्यंत. पण त्या हसण्यात कैलासला कुठेच जागा नव्हती.

"शीतल! तोंड सांभाळ!" दादासाहेब ओरडले. "पुरुष मानूस हाय, एखांद्या येळी चुकतो! उद्या हॉल बुक हाय!"

"तुमी बुक केलाय ना, आण्णा? मंग तुमी जेवून या. मी न्हाई येत." ती उठली, साडीला लागलेली धूळ झटकली आणि आत गेली. वेदांतनं आतून दार लावून घेतलं. ते लावताना त्यानं कैलासकडे पाहिलंसुद्धा नाही.

परत येताना साबीरनं नजर रस्त्यावरच ठेवली. कैलास मात्र पुटपुटत होता. "एक म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं तुझं? एक आन् तीन, काय फरक पडतो?" अंगावरची हळद वाळून भेगा पडल्या होत्या आणि गाडी खड्ड्यात गेली की तिचे पोपडे उडत होते.

घोटावड्याच्या फाट्यावर फोन वाजला. साहिल. मागून स्पीकरचा धडधडाट येत होता.

"ढेकळा, कुटं हायेस? पोरं ताटकळल्यात. काय झालं तिकडं? काय म्हणत्यात नेरेवाले? डीजे बंद करू का चालू ठेवू?"

साबीरनं गाडी कडेला घेतली आणि मागे वळून पाहिलं. बंद म्हटलं की आत्ताच्या आत्ता सगळ्या गावाला कळणार होतं. उद्या सकाळपर्यंत कळणार तर होतंच. पण उद्या सकाळ अजून झाली नव्हती.

"चालू ठेव," कैलास म्हणाला. "मिटलं सगळं."

"आरं वा, माझ्या जपान्या!" साहिल ओरडला.

मांडवात पोहोचला तर पोरांनी त्याला गाडीवरूनच उचलला. खांद्यावर घेतला, गोल फिरवला. शारदावहिनी अजून ओट्यावर ती वाटी मांडीवर घेऊन बसली होती, आणि तिच्याजवळ हैबतराव उभे होते. ते कानाला हात लावून ओरडून विचारत होते, काय झालं, काय म्हणाली, घेती का हळद? पण स्पीकरपुढे त्यांचा आवाज कुणाला ऐकू येणार? कैलासनं त्यांच्याकडे पाहिलं, दोन्ही हात वर केले आणि नाचायला लागला.